पस्तीस बाळंतिणी, पाच मुलं

४ डिसेंबर १८८४ ही तारीख घालून पुण्याच्या जोतीराव गोविंदराव फुले यांनी सरकारकडं आपलं मत धाडलं. मजकूर इंग्रजी, पानं थोडकी. निमित्त बेहरामजी मलबारींचं. ‘इंडियन स्पेक्टेटर’ चालवणाऱ्या या पारशी संपादकानं त्याच वर्षीच्या ऑगस्टात दोन टिपणं काढली होती, एक बालविवाहावर आणि दुसरं लादलेल्या वैधव्यावर, आणि ती थेट व्हाइसरॉय रिपनपर्यंत नेली होती. सरकारनं ती अधिकारी, न्यायाधीश आणि समाजातली वजनदार मंडळी यांच्यात मतासाठी फिरवली, आणि आलेली मतं १८८६ मध्ये छापून काढली. त्यातला बराचसा वाद दोन प्रश्नांभोवती फिरतो: शास्त्र काय म्हणतं, आणि सरकारनं यात पडावं की नाही. फुलेही आर्यांच्या पक्षपाती रूढीवर कोरडे ओढतात, पण तिथं फार रेंगाळत नाहीत. ते पुण्यातल्या एका घरात शिरतात, परसातल्या विहिरीपाशी येतात, आणि मग तीन आकडे मांडतात: पस्तीस, पाच, तीस.

हा कागद आज दुर्मीळ राहिलेला नाही. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेल्या, १९६९ मध्ये निघालेल्या फुल्यांच्या समग्र वाङ्मयात तो आहे. चरित्रकारांनी तो बहुतेक वेळा करुणेच्या खात्यावर जमा केला. मला तो हिंसक गुन्ह्याच्या अभ्यासाचा कागद वाटतो, आणि तसाच तो इथं वाचायचा आहे. गोदावरीच्या उत्तरेला, जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीसारख्या तालुक्यातून तो वाचला तर त्याला आजची एक धारही येते. पण तिकडं नंतर.

आधी गुन्हा. फुल्यांचे शाळेपासूनचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे इनाम कमिशनच्या कचेरीत होते. त्यांच्या घरी काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. तरुण, देखणी, गरीब घरातली, वागायला चांगली, असं फुले लिहितात. शेजारच्या घरात एक शास्त्रीबोवा राहत. त्यांनी तिच्या मागं लागून लागून अखेर तिला वश केलं. दिवस गेल्यावर गर्भ पाडण्यासाठी तिला विषारी औषधं दिली गेली, ती लागू पडली नाहीत. नऊ महिने भरून मुलगा झाला. अब्रूच्या धास्तीनं तिनं तो सुरीनं मारला आणि धन्याच्या घरामागच्या विहिरीत टाकला. दोन दिवसांनी संशयावरून पोलिसांनी तिला धरलं, पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला आणि जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

घटनेचं साल फुले देत नाहीत. या प्रकरणानंतर लगेच त्यांनी जे घर उघडलं ते चरित्रांत १८६३ सालचं धरलेलं आहे. ते बरोबर मानलं तर इंडियन पीनल कोड लागू होऊन, म्हणजे १ जानेवारी १८६२ पासून, जेमतेम वर्ष-दीड वर्ष झालं असेल. त्या संहितेत खुनाला ३०२ होतं. त्याशिवाय या एका बाईच्या नऊ महिन्यांना पुरून उरतील इतकी कलमं होती: गर्भ पाडणाऱ्याला ३१२, मूल जिवंत जन्मू नये म्हणून केलेल्या कृत्याला ३१५, मूल उघड्यावर टाकण्याला ३१७, मेलेलं मूल गुपचूप पुरून जन्म लपवण्याला ३१८. कायद्यानं वाटेतला प्रत्येक टप्पा ओळखला होता आणि प्रत्येकावर शिक्षा लिहून ठेवली होती. औषधं देणाऱ्याचं पुढं काही झाल्याचं मात्र फुल्यांच्या मजकुरात कुठं येत नाही.

इथं एक गाठ सोडवून घ्यायला हवी, कारण ती वर्षानुवर्षं अधिक घट्ट होत गेली आहे. जोतीरावांनी जीव द्यायला निघालेल्या काशीबाईला वाचवलं, घरी आणलं, तिचं बाळंतपण सावित्रीबाईंनी केलं आणि तिच्याच मुलाला दत्तक घेऊन यशवंत नाव ठेवलं, ही गोष्ट शाळेच्या स्नेहसंमेलनापासून दूरदर्शन मालिकेपर्यंत सगळीकडं भेटते. १८८४ चा कागद समोर ठेवला की ती जुळत नाही. कागदातल्या काशीबाईचं मूल विहिरीत गेलं आणि ती स्वतः काळ्या पाण्यावर. यशवंतचा जन्म त्यानंतर दहाएक वर्षांचा, १८७३-७४ च्या सुमाराचा. त्याची आई विधवा होती, ती त्या घरी बाळंत झाली, याला चरित्रांचा आधार आहे. नावं एक असतील तर असोत, बाया दोन. दोघींची एक केल्यानं गोष्टीचा शेवट गोड होतो, पण घर ज्या बाईसाठी उशिरा उघडलं गेलं ती पुसली जाते. घर तिच्यामुळं उघडलं; ती त्याच्या दारापर्यंत कधी पोचलीच नाही.

आता घराकडं. ‘बालहत्या प्रतिबंधक गृह’ हे नाव आपल्या इतकं सवयीचं झालंय की त्यात कशावर नेम धरला आहे ते कानावरून जातं. फुल्यांनी ते स्वतःच्या आवारात, ब्राह्मण विधवांसाठी म्हणून, गोवंड्यांच्या साथीनं काढलं. माळ्याच्या आवारात ब्राह्मण बाळंतिणींची सोय, १८६३ च्या पुण्यात. ज्यांच्याशी त्यांचं उभं वैर असं आपण समजतो त्यांच्याच घरच्या बायांसाठी. छापील जाहिराती काढल्या आणि त्या, फुल्यांच्या सांगण्याप्रमाणं, ब्राह्मण वस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर भिंतींना डकवल्या. जाहिरातीचा मजकूर चरित्रांतून आपल्यापर्यंत येतो. त्याचा सारांश असा: विधवेनं इथं यावं, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं की ठेवायचं ते तिनं ठरवावं, ठेवलं तर त्याला आम्ही सांभाळू.

बाप कोण, हा प्रश्न त्यात नाही. नवरा कधी वारला, माहेर कुठलं, पाऊल का घसरलं, हेही नाही. हे न विचारणंच या घराचं कौशल्य होतं, असं मला वाटतं. काशीबाईच्या हातात सुरी दिली ती उघडं पडण्याच्या भयानं. मग ज्याला सुरी थांबवायची त्यानं बाईला उपदेश करून किंवा कायद्याचा धाक वाढवून काय साधणार? धाक तर आधीच होता, आणि त्यानंच घात केला. भयाचं कारण काढून घ्यायचं, म्हणजे गुप्तता द्यायची. गुन्हा घडण्याआधीची शेवटची जी जागा, आठव्या-नवव्या महिन्यातली, तिथं एक दार उघडायचं.

युरोपात टाकलेल्या मुलांची घरं जुनी होती. पॅरिसमध्ये भिंतीतल्या फिरत्या चाकात मूल ठेवून आईला तोंड न दाखवता जाता येई. लंडनच्या थॉमस कोरमच्या संस्थेला १७३९ ची सनद होती. एकोणिसाव्या शतकात तिथं आईला अर्ज करावा लागे आणि तिच्या चारित्र्याची चौकशी होई. ही घरं मूल घेत. पुण्याचं घर आईला घेत होतं, आणि मूल जन्मायच्या आधी. हा फरक बारीक दिसतो, पण मूल मरतं ते जन्मानंतरच्या पहिल्या घटकांमध्ये, चाकापर्यंत पोचण्याच्या आधी. त्याच दशकात लंडनमध्ये एडविन लँकेस्टर हा डॉक्टर मध्य मिडलसेक्सचा कॉरोनर होता. त्याच्यापुढं येणाऱ्या अर्भकांच्या प्रेतांवरून त्यानं शहरातल्या बालहत्यांचे अंदाज बांधले आणि वर्तमानपत्रांतून मोठी खळबळ उडवून दिली. लँकेस्टरकडं प्रेतं होती आणि त्यांवरून केलेला गुणाकार होता. फुल्यांकडं जिवंत बाया होत्या आणि साधी मोजदाद.

त्या मोजदादीकडं जरा थांबून पाहू. सुरुवातीपासून ४ डिसेंबर १८८४ पर्यंत पस्तीस गरोदर विधवा आल्या आणि बाळंत झाल्या. पाच मुलं हयात आहेत. तीस मेली. कारण फुलेच देतात: पोट लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी गर्भातच त्यांना इजा झाली असली पाहिजे. नंतरच्या काही लिखाणांत बायांचे याहून मोठे आकडे येतात. मी संस्था चालवणाऱ्यानं स्वतः सरकारला लिहून दिलेल्या आकड्याला धरून चालतो.

१८६३ पासून एकवीस वर्षं धरली तर वर्षाला दोनसुद्धा बाया पडत नाहीत. भिंतींवर जाहिराती, दार उघडं, तरी इतक्याच. म्हणजे गुप्ततेची हमी कागदावर देणं सोपं आणि पेठेत पाळणं अवघड, हे त्या आकड्यातच दिसतं. ब्राह्मण वस्तीतून फुल्यांच्या आवारात जाणारी बाई वाटेत कुणाला तरी दिसणारच. दुसरं, तीस मृत्यू. स्वतःच्या संस्थेचा असा हिशेब सरकारदरबारी मांडणारा माणूस विरळा. आजच्या एखाद्या संस्थेच्या वार्षिक अहवालात पस्तीस प्रसूती सुखरूप झाल्या एवढंच छापून आलं असतं. फुल्यांनी अपयश मोजलं, त्याचं कारण शोधलं आणि ते कारण घराच्या उंबरठ्याबाहेर, पाच-सहा महिने आधी घडलेलं आहे हे दाखवलं.

त्यांचं निदान पुरतं मान्य करायला मात्र मी कचरतो. औषधं घेतली जात होती यात शंका नाही. मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातले प्राध्यापक आय. बी. लायन यांचा न्यायवैद्यकावरचा ग्रंथ १८८९ मध्ये आला. त्या काळच्या अशा ग्रंथांत गर्भपातासाठी वापरली जाणारी लाल चित्रकाची मुळी, कण्हेर अशी आपल्या परसातलीच नावं भेटतात. चित्रकाची मुळी पोटात घेत किंवा काडीला लावून आत घालत. त्यातून बाई वाचली आणि गर्भही तगला तरी मूल अशक्त, अपुऱ्या दिवसांचं होणार. पण आईविना, वरच्या दुधावर वाढणारी मुलं त्या काळी युरोपातल्या सुसज्ज अनाथालयांतही झपाट्यानं मरत. जी आई मूल ठेवून परत गेली तिचं दूधही गेलं. तिसातली काही मुलं या दुसऱ्या कारणानं गेली असणार, असं मला वाटतं. तसं असेल तर गुप्तता हेच घराचं बळ आणि तीच त्याची उणीवही: आईला जितकं लवकर पूर्वीच्या जगात परतवावं तितकं मुलाचं जगणं कठीण. आणि आयांचं काय झालं? मजकुरात मुलांचा हिशेब आहे, पस्तीस आयांचा नाही. ज्या संस्थेनं न विचारण्याचं वचन दिलं तिच्याकडून तो हिशेब मागणंही जरा विचित्रच.

औषधांचा प्रश्न घरात सुटत नाही हे कळल्यावर फुले वर सरकतात, वैधव्याकडं. पुरुष चार-चार बायका करतो, म्हातारा पोरीशी लग्न लावतो, आणि तिचा नवरा मेला की तिचे दागिने उतरवून डोकं भादरतात, पोटभर खायला नाही, धड नेसायला नाही. विधवाविवाहाला कायद्याची मंजुरी १८५६ मध्येच मिळाली होती; रूढीची मिळाली नव्हती. फुल्यांची सूचना एका न्हाव्याच्या वस्तऱ्याएवढी नेमकी आहे: कुठल्याही न्हाव्याला ब्राह्मण विधवेचं डोकं भादरू देऊ नये. मलबारींच्या पहिल्या टिपणावरच्या मतात ते लग्नाची किमान वयंही सुचवतात, मुलाला १९ आणि मुलीला ११, आणि मोडणाऱ्या आईबापांवर कर बसवून तो पैसा खालच्या वर्गांच्या शिक्षणाला लावावा म्हणतात. अकरा हे वय आज वाचताना खटकतं. पण तेव्हा संमतिवय दहा होतं आणि ते बारा व्हायला १८९१ उजाडावं लागलं. न्हाव्यांचं म्हणाल तर, १८९० मध्ये मुंबईत फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हावी समाजाची सभा भरली आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरलं. सरकारकडं पाठवलेली सूचना सरकारनं उचलली नाही, न्हाव्यांनी उचलली.

घर उघडल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतला दुसरा एक कागद आहे. २९ ऑगस्ट १८६८ रोजी सावित्रीबाईंनी माहेराहून, नायगावहून, जोतीरावांना लिहिलेलं पत्र. मा. गो. माळी यांनी १९८८ मध्ये संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात ते येतं. गावोगाव पंचांग सांगत फिरणारा गणेश नावाचा एक ब्राह्मण आणि शारजा नावाची महार मुलगी यांचं प्रेम जमलं, ती सहा महिन्यांची गरोदर राहिली. गावकऱ्यांनी दोघांना धरलं, वाजतगाजत गावातून फिरवलं आणि मारून टाकायचं ठरवलं. सावित्रीबाईंना कळताच त्या धावत गेल्या. उपदेश केला नाही. इंग्रज सरकारच्या कायद्यात खुनाचं काय होतं ते सांगून भीती घातली. जमाव नरमला, पण दोघांनी गाव सोडावं यावर अडून बसला. ते दोघांनी मान्य केलं, आणि सावित्रीबाईंनी त्यांना पुण्याला जोतीरावांकडं पाठवून दिलं.

शिकागोत साथरोगांचे डॉक्टर गॅरी स्लटकिन यांनी २००० मध्ये एका वस्तीत गोळीबार रोखण्याचा प्रयोग सुरू केला. वस्तीतलीच, जिचा शब्द चालतो अशी माणसं हाताशी धरून सूडाची पुढची गोळी सुटण्याआधी मध्ये पडायचं, माणसाला तिथून हलवायचं, मागोवा ठेवायचा. हिंसा साथीसारखी एकाकडून दुसऱ्याकडं जाते, म्हणून साथीसारखीच मध्येच तोडता येते, असं त्यांचं म्हणणं. नायगावचं पत्र वाचताना ते आठवतं. सावित्रीबाई त्या गावच्या लेक होत्या, म्हणून जमावात शिरू शकल्या. एकाच यंत्रणेची ही दोन टोकं दिसतात: गावात मध्ये पडणारं माणूस आणि पुण्यात ठेवून घेणारं घर. कायदा दोन्हीकडं हजर आहे, पण काशीबाईला त्यानं नंतर गाठलं आणि शारजाला आधी.

पुण्याबाहेर अशी घरं फार झाली नाहीत. पंढरपूरचं तेवढं टिकलं. तिथं न्यायखात्यात असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानं १८७५ मध्ये ते निघालं आणि मुंबईच्या प्रार्थना समाजानं चालवलं. पुढं ते वा. बा. नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखलं जाऊ लागलं. क्षेत्राचं गाव निवडण्यात शहाणपण होतं. वारीच्या गर्दीत एकटी बाई कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, आणि विधवेला पंढरीला जायला कुणी कारण विचारत नाही.

आणि घनसावंगीचा मुलूख? अंबडसकट तो सगळा निजामाचा. इंग्रजी पीनल कोड ही ब्रिटिश हिंदुस्थानची गोष्ट. काशीबाईला लागलेलं कलम इथल्या कचेऱ्यांत नव्हतं. उत्तरेला बुलढाणा मात्र वऱ्हाडात, १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली. त्या बुलढाण्यातून १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ आलं, पुण्यात छापलेलं. त्यामागंही असाच खटला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला १८८१ मध्ये मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली, वर अपील झाल्यावर ती काळ्या पाण्यावर आणि पुढं पाच वर्षांवर आली. वर्तमानपत्रांनी बायकांच्या चालीवर तोंडसुख घेतलं, आणि ताराबाई उसळल्या. त्यांचे वडील सत्यशोधक समाजाचे; ताराबाईंवर टीका झाली तेव्हा त्यांची बाजू जोतीरावांनीच आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत घेतली. ताराबाई आरोपी बदलतात, पुरुषाला पिंजऱ्यात उभं करतात. फुल्यांचा १८८४ चा मजकूर पिंजऱ्याच्या आधीच्या वाटेवर लक्ष ठेवतो. दोन्ही लागतं, पण दुसरं कमी जणांना जमतं.

हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे असं जागतिक आरोग्य परिषदेनं ठराव करून म्हटलं ते १९९६ मध्ये. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा हिंसेवरचा मोठा अहवाल आला. त्यात महाराष्ट्रातलं एक काम आहे, पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी केलेलं. पश्चिम महाराष्ट्रातली ४०० खेडी आणि ७ रुग्णालयं; गरोदरपणात मेलेल्या बायांचे मृत्यू घरोघर जाऊन तपासले, तर १६ टक्के मृत्यूंच्या मुळाशी नवऱ्याची मारहाण निघाली. माता मृत्यूचा अभ्यास करायला गेले आणि हिंसा हाती लागली. त्याआधी १९८५ मध्ये मालिनी कारकल यांनी मुंबईच्या मृत्युनोंदी चाळून तरुण बायांच्या ‘अपघाती’ भाजण्याकडं बोट दाखवलं होतं. मग २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेनं ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. मारहाण झालेली बाई पोलिसांकडं जात नाही, पण जखम शिवायला रुग्णालयात येतेच. तिथंच तिला कुणीतरी ऐकणारं भेटावं, एवढी साधी कल्पना. भाभा रुग्णालय आणि फुल्यांचं आवार यांत एकशे सदतीस वर्षांचं अंतर असलं तरी धोरण एकच आहे: बाई जिथं नाइलाजानं का होईना येते, तिथं दार ठेवा.

आजच्या घनसावंगीत विधवेचं केशवपन होत नाही. लपवण्याचं कारण मात्र शिल्लक आहे, आणि ते आता वयाचं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. जालना जिल्ह्यात हे प्रमाण तिनातल्या एकीच्या आसपास जातं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत जोडपं म्हणजे एक कोयता, उचल जोडप्याला मिळते, पोरीला एकटं घरी ठेवायचं भय, म्हणून दिवाळीआधी लग्नं उरकतात. सोळाव्या वर्षी ती गरोदर राहिली की काय होतं? पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानं डॉक्टरला पोलिसांत खबर देणं सक्तीचं, न दिल्यास २१ व्या कलमाची शिक्षा. ११ ऑक्टोबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर लग्न झालंय म्हणून नवरा सुटत नाही. हेतू चांगलाच आहे. पण ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरवर वय लिहिलं की नवऱ्यावर गुन्हा, हे एकदा वस्तीत कळलं की पोरीचं वय एकोणीस सांगितलं जातं, नाहीतर ती रुग्णालयात येतच नाही. मग फडावरच्या कोपीत बाळंतपण, किंवा मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या. लाल चित्रकाच्या जागी आता हे.

कायद्यानं यातला थोडा पेच ओळखला आहे. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिनं व पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरनं खबर देताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. ही सवलत गर्भपातापुरती. ज्या पोरीला पाचवा-सहावा महिना उलटून गेल्यावर आणलं, तिला ती मिळत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यात मूल सोपवण्याची वाटही आहे. ३५ व्या कलमाप्रमाणं आईबाप बालकल्याण समितीपुढं मूल स्वाधीन करू शकतात, विचार बदलायला दोन महिने मिळतात. म्हणजे १८६३ च्या जाहिरातीतलं, मूल न्यायचं की ठेवायचं ते तिनं ठरवावं, हे वाक्य आज कायद्यात जाऊन बसलं आहे. आणि त्याच्याच शेजारी ३१७ आणि ३१८ ही जुनी कलमं भारतीय न्याय संहितेत ९३ आणि ९४ होऊन १ जुलै २०२४ पासून पुन्हा लागू झाली आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक तक्त्यांत अर्भकहत्या, भ्रूणहत्या आणि मूल टाकणं यांचे रकाने वेगळे छापतात. समितीकडं रीतसर सोपवलेल्या मुलांचा रकाना मात्र गुन्ह्यांच्या तक्त्यात येणार नाही, कारण तिथं गुन्हा घडलाच नाही. रोखलेला गुन्हा मोजायचा असेल तर हे दोन हिशेब एका पानावर आणावे लागतील, तालुकावार.

ते करायला मोठा निधी लागत नाही. ग्रामीण रुग्णालयाचं प्रसूती रजिस्टर, पोलीस ठाण्याची नोंद आणि जिल्ह्याच्या बालकल्याण समितीची नोंद, नावं वगळून. आणि ३५ व्या कलमाची माहिती मराठीत, चार ओळींत, छापून लावायची असेल तर रुग्णालयाच्या भिंतीवर ती फारशी उपयोगाची नाही. फुल्यांनी जाहिराती आपल्या दारावर लावल्या नव्हत्या, जिथल्या बाया यायच्या त्या पेठांच्या कोपऱ्यांवर लावल्या होत्या. घनसावंगी तालुक्यात त्या जागा म्हणजे मुकादम टोळ्या ट्रकमध्ये भरतो ते गावांचे फाटे, आणि वेळ म्हणजे दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस.